पाच व्होल्टवर ठेवलेला पंखा

रिसोडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे टीव्ही आले, मग कॉम्प्युटर आले, तशी दुकानावरची पाटी बदलत गेली. दुकान बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. ज्या कामाबद्दल लिहितो आहे ते दुकानातलं नव्हे, गावाबाहेरच्या एका मळ्यातल्या खोलीतलं आहे. त्या कामाविषयी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी चार माणसांसमोर एक खोटी गोष्ट सांगितली. ती खरी धरून एका घरानं आपल्याच मुलीला दोष दिला. जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं होतं, तिच्या नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी तिच्यावर संशय घेणार नाही.

घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल पहाटे काढायचा आणि सकाळच्या बाजारात न्यायचा. नवरा-बायको आणि दोन मुलं. थोरली मुलगी डी.एड. झालेली, नोकरीची वाट पाहत घरीच होती. धाकट्या मुलाची नजर कॉलेजात असताना हळूहळू गेली. आधी फळा दिसेना, मग पुस्तक, मग माणसं. ब्रेल तो शिकला, पण उशिरा शिकल्यामुळे त्याचं बोट सावकाश चालायचं. सरकारी नोकरीच्या एका परीक्षेत अंधांसाठी राखीव जागा निघाली होती, आणि तिचा अभ्यास तो कानानं करत होता. बहीण वाचायची, तो ऐकायचा.

पण बहिणीला दिवसभर बसून वाचणं शक्य नव्हतं. म्हणून दुपारी बाजारातून आल्यावर ती दोन-अडीच तास कॉम्प्युटरसमोर बसून पुस्तकं वाचून ठेवायची, आणि तो नंतर हवं ते, हवं तितक्यांदा ऐकायचा. कॉम्प्युटर जुना होता, मीच जोडून दिलेला. तो ठेवला होता विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या खोलीत, टिनाखाली, कारण घरात सतत येणंजाणं असायचं आणि माइकमध्ये भांड्यांचे आवाज यायचे. आपल्याकडे घरात मशीन आलं की त्याला कपडा शिवतात. टीव्हीला शिवतात, मिक्सरला शिवतात. तिनंही एका जुन्या साडीचं, काठ खाली येतील असं कवर शिवलं होतं. मळ्यातली माती आणि पलीकडच्या शेतातलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, उडत यायचा, त्यामुळे ते गरजेचंही होतं.

एक दिवस मुलानं मला बोलावून घेतलं आणि स्पीकर लावून ऐकवलं.

"काका, आयका. ताईच्या मागं कोनीतरी पिठाची गिरनी चालवून राह्यलं."

"गिरनी नाई रे, पंखा हाय तो," मी म्हणालो.

"मले तं दळन घिऊन बसल्यावानी वाटते. दोन तास दळन, आन् मधी मधी संविधान."

बहीण हसली. "मंग जोरात वाचू काय? घसा बसला तं चहा तूच पाजजो."

डोळे गेल्यापासून त्याचा कान फार तीक्ष्ण झाला होता. आपल्याला ऐकू येत नाही ती घरघर त्याच्या डोक्यात बसायची. आवाज होता तो कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या पंख्याचा. हा पंखा बाहेरची हवा आत ओढून हार्ड डिस्कवर सोडतो. ज्या तबकडीवर सगळं वाचलेलं साठतं, ती थंड ठेवणं हे त्याचं काम.

असा पंखा बारा व्होल्टवर पूर्ण वेगानं फिरतो. व्होल्ट कमी केले की वेग कमी होतो आणि आवाजही. बाजारात त्यासाठी तयार कंट्रोलर मिळत होते, पण मी रेडिओवाला. एका मोडक्या रेडिओचा बँड बदलायचा खटका काढला आणि त्यावर तीन जागा केल्या. कॉम्प्युटरच्या पिवळ्या वायरीत बारा व्होल्ट असतात, लाल वायरीत पाच, काळी वायर शून्याची. पिवळी आणि काळी जोडली की बारा मिळतात, लाल आणि काळी जोडली की पाच. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये पंखा टाकला की फरकाचे सात मिळतात. एवढंच ते काम.

खटका बसवून मी त्याला ऐकायला बसवलं. बारावर त्यानं तोंड वाकडं केलं. सातावर म्हणाला, "कमी झाला, पन हाय." पाचावर आणल्यावर त्यानं कान पुढे केला.

"आता गेला."

"गेला म्हंजे? बंद पडला काय?" बहिणीनं विचारलं.

मी कागदाची एक पट्टी फाडून जाळीपुढे धरली. ती थरथरत होती. "फिरून राह्यला. हे पाय."

"मंग रोज असा कागद लावून पायत जाऊ काय मी?"

"काही गरज नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

नियम असा ठरला की एरवी खटका बारावर असावा, म्हणजे डिस्क थंड राहील, वाचायला बसली की पाचावर, आणि वाचून झालं की पुन्हा बारावर. तिनं तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. तो हिवाळा होता आणि काम उत्तम चाललं. आवाज इतका स्वच्छ यायचा की पान उलटल्याचं कळायचं. मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे की बिनआवाजाचा कॉम्प्युटर पाहायचा असेल तर मळ्यात जा.

पण दिवसभर उन्हात राबून आलेलं माणूस कधीतरी विसरणारच. तीन-चार वेळा ती खटका फिरवायला विसरली आणि दोन तासांचं वाचन घरघरीसकट साठलं. त्याला ते चालेना, आणि ती सगळं पुन्हा वाचायची. एकदा तिचा घसा बसून आवाजच निघेना. मग मीच म्हणालो की या खटक्याची कटकट नको. मी तो काढून टाकला आणि पंखा कायमचा लाल-काळीवर, म्हणजे पाच व्होल्टवर, सोल्डरचा डाग देऊन पक्का केला. तेव्हा कॉम्प्युटर सुरूच होता. पंखा पाचावर फिरत होता. कागद धरला, थरथरला, मी उठलो.

इथे माझी चूक झाली, आणि ती समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. फिरता पंखा पाच व्होल्टवर फिरत राहतो, पण थांबलेला पंखा पाच व्होल्टवर उठेलच असं नाही. उठायला जास्त जोर लागतो. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक आहे. उन्हाळ्यात लाइट मंद येते तेव्हा छताचा पंखा बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो, आणि कोणीतरी काठीनं पात्याला ढकललं की फिरायला लागतो. माझ्या स्वतःच्या घरात अशी काठी दाराआड उभी असायची. ती मी हजार वेळा हातात घेतली असेल. पण डब्यातला तो तळहाताएवढा पंखाही रोज थांबतो आणि त्याला रोज उठावं लागतं, हे मनात आलं नाही. आणि आमच्याकडे तर लाइट दिवसातून दोनदा जायची, म्हणजे त्याला दोनदा उठावं लागे.

हिवाळ्यात तो उठत असावा. चैत्र लागला, धूळ वाढली, आत तेल सुकलं, आणि केव्हातरी तो उठेनासा झाला. केव्हापासून ते कोणालाच सांगता येणार नाही. बंद पंख्याचा आवाज येत नाही, आणि आवाज येत नाही म्हणून तर ते सगळे माझं कौतुक करत होते. प्रोसेसरवरच्या दुसऱ्या पंख्याला मी हात लावला नव्हता, त्यामुळे कॉम्प्युटर तापून बंदही पडला नाही. तो चालत राहिला आणि डिस्क आतल्या आत भाजत राहिली.

परीक्षेला वीस-पंचवीस दिवस होते. सकाळी लाइट गेली तेव्हा बहिणीनं कॉम्प्युटरवर कवर टाकलं आणि ती आईबरोबर भेंडी तोडायला गेली. दुपारी लाइट आली. मुलानं रोजच्यासारखं चाचपडत कवराखालून बटण दाबलं आणि ऐकत बसला. टिनाखाली उभं राहवत नव्हतं असा तो दिवस. तासाभरानं बहिणीचा आवाज अडखळायला लागला. एकच शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला. मग आवाज गेला आणि डब्यातून टकटक सुरू झाली.

मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा खोलीत मुलगा होता, त्याचे वडील होते, शेजारच्या मळ्यातला एक माणूस होता आणि दारात बहीण उभी होती, हाताला भेंडीची खाज सुटलेली, ती ओढणीनं हात पुसत होती. मी डब्याची बाजू उघडली. डिस्कला बोट लावलं आणि झटक्यानं काढून घेतलं. पुढचा पंखा स्तब्ध होता. कॉम्प्युटर चालू असताना तो स्तब्ध होता. मी बोटानं पात्याला जरासा धक्का दिला. तो फिरायला लागला.

मला तिथेच सगळं कळलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही.

"काय झालं भाऊ?" वडिलांनी विचारलं.

खाली जमिनीवर ते साडीचं कवर पडलं होतं. मी म्हणालो, "याच्यावर कवर होतं काय?"

"लाइट गेली तवा मीच टाकलं," बहीण म्हणाली. "धूळ येते म्हनून."

"चालू मशीनवर कवर राह्यलं. हवा कोंडली. तेच झालं."

एवढंच मी बोललो. कोणी ओरडलं नाही. मुलगा डब्याकडे तोंड करून बसला होता. त्यानं विचारलं, "वाचलेलं परत येईन काय, काका?" मी डिस्क घेऊन जातो म्हणालो. वडील बहिणीला म्हणाले, "तुले एवढंबी समजत नाई काय व? चालू मशीनवर कपडा?" ती म्हणाली की तिनं टाकलं तेव्हा ते बंद होतं. "मंग काढाचं कोनं होतं?" वडील म्हणाले. कवरासकट बटण दाबणारा भाऊ तिथेच बसला होता, आणि त्याचं नाव तिनं घेतलं नाही.

ते बाहेर गेल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. पाच व्होल्टचा डाग सोडवला आणि पंखा बारावर जोडून बाजू बंद केली. कोणी पुन्हा उघडलं असतं तरी त्याला काही सापडलं नसतं. चूक नकळत झाली असं मी म्हणू शकतो. हे दुसरं काम मी पूर्ण शुद्धीत केलं.

डिस्क मी नागपूरला एकाकडे पाठवली. काही निघालं नाही. पाच-सहा महिन्यांचं वाचन गेलं. त्याची एखादी प्रत काढून ठेवावी हे मला सुचायला हवं होतं, तेही सुचलं नव्हतं. बहीण म्हणाली, उरलेल्या दिवसांत जमेल तेवढं पुन्हा वाचते. मुलगा म्हणाला, "राहू दे ताई. तुह्या हातानं पुन्हा काही नको." तो परीक्षेला गेलाच नाही. गेला असता तर पास झाला असता की नाही, मला माहीत नाही. तशी जागा पुढे कितीतरी वर्षं निघाली नाही, आणि निघाली तेव्हा त्याचं मन राहिलं नव्हतं. बहिणीचं लग्न होऊन ती जऊळक्याला गेली. तो बाजारात आईबरोबर भाजीच्या दुकानावर बसू लागला.

मी त्या घरी जातयेत राहिलो. त्यांच्याकडून मला कधी चहा चुकला नाही. सांगायचं मनात यायचं आणि मी स्वतःला समजवायचो की आता त्यांच्या ते लक्षातही नसेल.

गेल्या वर्षी मुलाचे वडील वारले. तेराव्याला मी गेलो होतो. जेवणं होत आली होती, घरची माणसं ओसरीवर बसली होती. बहिणीनं आईचा फोन चार्जिंगला लावायला म्हणून मागितला. तेव्हा भाऊ हसत म्हणाला, "द्या तिले. पन ताई, त्याच्यावर कवर टाकू नको बरं."

सगळे हसले. लहान पोरंही हसली, म्हणजे त्यांनाही ही गोष्ट ठाऊक होती. तीही हसली. सवयीचं हसणं होतं ते. फोन मात्र तिनं सोबत आलेल्या जावेच्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच लाव व."

मी पत्रावळ टाकायला उठलो होतो, तो तसाच चपला घालून घरी आलो.

त्यानंतर आठवडाभरानं मी एसटीनं जऊळक्याला गेलो. ती अंगणात तुरीची डाळ निवडत बसली होती. पाणी दिलं, पुन्हा सुपाशी बसली. मी सांगायला सुरुवात केली ती खटक्यापासून केली आणि मागाहून वायर बदलण्यापर्यंत सगळं सांगितलं. तिचा हात मध्ये केव्हातरी थांबला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजे पंखा फिरतच नव्हता."

"नाही."

"आन् मी कवर टाकलं नसतं तं?"

कवराचा काही संबंध नव्हता, असं म्हणणं सोपं होतं, आणि तिला बरंही वाटलं असतं. पण ते पुन्हा खोटं झालं असतं. मी म्हणालो, "कवरानं थोडंफार वाढलं असेल. पण पंखा बंद होता, डिस्क आज नाही तर उद्या जाणारच होती. आणि चालू करताना कवर काढायचं काम तुझं नव्हतं, तू तिथं नव्हतीस."

तिनं मान हलवली. सूप बाजूला सरकवून म्हणाली, "बाबाले सांगितलं असतं तं बरं झालं असतं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्याले सांगा," ती म्हणाली. "फोनवर नाई. तवा समोर बसून सांगितलं होतं न, आताबी समोर बसून सांगा."

"तू चलतेस?"

"मी कायले येऊ? मी काय केलं?"

त्या दिवशी खोलीत जे होते त्यांतले वडील गेले. शेजारच्या मळ्यातला माणूस मुलाकडे दूर शहरात राहायला गेला, त्याचा पत्ता मला मिळाला नाही. त्यांच्याकडून ही गोष्ट पुढे किती घरांत गेली असेल, सांगता येत नाही. त्या सगळ्यांपर्यंत मी जाऊ शकत नाही, म्हणून हे लिहून काढलं.

भावाकडे मात्र मी दुसऱ्याच दिवशी गेलो. बाजार ओसरला होता. तो पोत्यावर बसून उरलेली वांगी बोटांनी चाचपून वेगळी करत होता, कीड लागलेली एकीकडे आणि चांगली एकीकडे. आई पलीकडे मेथीच्या जुड्या बांधत होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. तो वांगी चाचपत राहिला. माझं झाल्यावर त्यानं विचारलं, "पंखा बंद हाय हे तुमाले कवा समजलं?"

"त्याच दिवशी. बाजू उघडली तेव्हाच."

"म्हंजे कवर म्हनले तवा मालूम होतं."

"होतं."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. ती माझ्याकडे पाहत होती. तो मात्र खाली मान घालून बसला होता.

"बटन मी दाबलं होतं," तो म्हणाला. "कवर हाताले लागलं होतं मह्या. ती बोलली नाई, आन् मीबी बोललो नाई." मग म्हणाला, "मी तं अजूनबी तिले हसतो."

त्यानं खिशातून फोन काढला, बटणं दाबली आणि कानाला लावला. पलीकडून आवाज आला असावा.

"ताई," तो म्हणाला, "काका आले हायत." मग काही वेळ तो नुसता ऐकत राहिला. "व्हय. सांगितलं... नाई, तू नको येऊ. मीच येतो. आज येतो."

फोन ठेवून त्यानं मला विचारलं, "जऊळक्याची गाडी कवा हाय?"

मी वेळ सांगितली, आणि म्हणालो की मी सोबत येतो, मध्ये गाडी बदलावी लागते.

"तुमी नका येऊ, काका," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं आईला शेजारच्या दुकानदाराला हाक मारायला सांगितलं, हात झटकले आणि घडीची काठी उघडली. शेजारचा दुकानदार त्याला स्टँडपर्यंत पोचवायला निघाला. आईनं हातातली जुडी बांधली आणि दुसरी घेतली. मी थोडा वेळ तिथे बसून राहिलो, मग उठून घरी आलो.